‘नातू बारावा खेळाडू झाला का?’

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे नाशिकचे, गेली सव्वीस वर्षं एडिसनला, न्यू जर्सीत. एकुलता मुलगा २३ वर्षांचा आहे. कॉलेजात तो बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता, सामना त्याच्या हातून सुरू व्हायचा. २०२३च्या ड्राफ्टमध्ये (मोठ्या लीगचे क्लब नवे खेळाडू निवडतात तो) चौदाव्या फेरीत त्याचं नाव आलं आणि मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष तसंच टाकून तो गेला. तेव्हाच घरात रडारड झाली होती. आता तो हाय-ए पातळीवर आहे, मोठ्या लीगच्या तीन पायऱ्या खाली. गेल्या महिन्यात टीमने त्याला सांगितलं, यापुढे तू सामना सुरू करायचा नाहीस. बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या सरावाच्या जागेत, बसायचं आणि रिलीव्हर म्हणून मधेच बदली यायचं. मी क्रिकेट खेळलेला माणूस, मला ही डच्चू देण्याआधीची पायरी वाटते. ही म्हणते, त्याला परत बोलवा, डिग्री पूर्ण करू दे. नाशिकहून माझे वडील विचारतात, ‘नातू बारावा खेळाडू झाला का रे?’ मी मुलाला एवढंच म्हटलं, ‘मग आता पुढे काय? असं किती दिवस?’ तो म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला नाही कळणार.’ त्याला दोन आठवडे झाले. मेसेजला नुसता अंगठा येतो. मी रोज फोनवर त्याचे आकडे बघतो. परवा एका सामन्यात पाच धावा गेल्या. ऑगस्टमध्ये त्याची टीम लेकवुडला खेळायला येणार आहे. तेव्हा त्याच्याशी काय बोलू? परत ये म्हणू का?

– एक वडील, एडिसन

सप्रेम नमस्कार.

आधी आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते सोपं आहे आणि ते ऐकून त्यांना बरं वाटेल. नाही, नातू बारावा खेळाडू झालेला नाही. बारावा खेळाडू कुणाला लागलं-खुपलं तरच मैदानात येतो. आजोबांना खो-खो आठवायला सांगा. पाटीवर बसलेला खेळाडू राखीव नसतो, तो खेळातच असतो. पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आला की त्याच क्षणी त्याला पूर्ण वेगाने सुटावं लागतं. अंग गरम व्हायला वेळ मिळत नाही, चूक झाली तर ती सगळ्यांना दिसते. तुमचा मुलगा आता पाटीवर बसतो. खो कधी मिळेल ते त्याला माहीत नसतं, एवढाच फरक पडलाय. आणि हा फरक मोठा आहे, म्हणूनच तो तुमच्याशी बोलत नसावा.

टीमने असं का केलं असेल? सामना सुरू करणाऱ्या पिचरला तेच बॅटर दोनदा, तीनदा भेटतात. तिसऱ्या खेपेला बॅटरने त्याचं सगळं बघितलेलं असतं, म्हणून त्याच्याकडे तीन-चार प्रकारचे चेंडू लागतात आणि ते नव्वदेक चेंडूंपर्यंत पुरवायला लागतात. रिलीव्हरला बहुधा एक इनिंग मिळते (सामन्यात नऊ असतात, तीन बॅटर आउट झाले की एक संपते). दोन चेंडू खरोखर चांगले असले तरी भागतं, आणि दम राखून ठेवायचा नसल्याने तेच चेंडू जास्त जोरात जातात. तुमच्या मुलाचा तिसरा चेंडू जमत नसेल, पण पहिले दोन इतके चांगले असतील की ते वाया जाऊ नयेत असं कुणाला तरी वाटलं असेल. ज्याला काढूनच टाकायचं आहे, त्याला टीम नवं काम शिकवत बसत नाही. ती त्याला सोडून देते.

तुम्ही न्यू जर्सीत राहता, त्यामुळे मारियानो रिवेराचं नाव ऐकलं असेलच. त्याची सुरुवात मात्र फार लोकांना माहीत नसते. पनामातल्या पुएर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावचा हा मुलगा. वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान, तोही बोटीवर राबलेला. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज टीमने त्याला घेतलं. १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी लीगमध्ये दोन नव्या टीम येणार होत्या आणि त्यासाठी जुन्या टीमना आपले कोणते खेळाडू राखायचे याची यादी द्यायची होती. यांकीजच्या यादीत रिवेरा नव्हता. कुणीही उचलू शकलं असतं, कुणी उचललं नाही. १९९५ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो मोठ्या लीगमध्ये आला, सामना सुरू करणारा पिचर म्हणूनच, आणि त्या वर्षी त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ५.५१ होता. म्हणजे वाईटच. १९९६ मध्ये तो बुलपेनमध्ये बसला. १९९७ मध्ये क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकून सामना संपवणारा, झाला, आणि त्याच उन्हाळ्यात सहकाऱ्याबरोबर नुसती फेकाफेकी करताना त्याच्या लक्षात आलं की आपला चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप वळतोय. पुढची सोळा वर्षं जवळपास त्या एका चेंडूवर गेली. ६५२ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने), आजही विक्रम. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या मतदानात ४२५ पैकी ४२५ मतं पडली. एकही मत विरुद्ध न जाणारा तो पहिला, आणि अजून तरी एकटाच.

असे आणखी आहेत. एडविन डिआझला २०१६च्या मे महिन्यात डबल-ए पातळीवर (हाय-एच्या एक पायरी वर) असताना बुलपेनमध्ये पाठवलं. जूनमध्ये तो सिअ‍ॅटलच्या मोठ्या टीममध्ये होता. २०२२च्या अखेरीस न्यूयॉर्क मेट्सनी त्याच्याशी पाच वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला. पुढे अव्वल रिलीव्हर झालेला जॉश हेडर तर एकोणिसाव्या फेरीत निवडला गेला होता, तुमच्या मुलाच्याही पाच फेऱ्या मागे. डेनिस एकर्स्ली बारा वर्षं सामने सुरू करत होता. १९८७ मध्ये ओकलंडने त्याला बुलपेनमध्ये नेलं आणि १९९२ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ही नावं मी तुमची भीती घालवायला घेतली, तुमचा मुलगा त्यांच्यासारखा होईल असं सांगायला नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती वहिनींना आधीच जाणवलेली दिसते. मोठ्या लीगमध्ये ३० टीम, प्रत्येकीत जवळपास हंगामभर फार तर १३ पिचर, म्हणजे सगळ्या मिळून ३९० जागा. खालच्या पातळ्यांवर एकेका क्लबकडे १६५ पर्यंत खेळाडू असू शकतात. तीस क्लब धरले तर पाच हजारांच्या आसपास. त्यातले बरेच पिचर, आणि वरच्या ३९० मधलेही बहुतेक जण आपली जागा सोडायला तयार नसलेले. उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू रिंकू सिंग तुम्हाला आठवत असेल. २००८ मध्ये भारतात झालेल्या एका स्पर्धेतून तो पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला, रिलीव्हर झाला, काही वर्षं मन लावून खेळला. पण कोपराने दगा दिला आणि डबल-ए पर्यंतही तो पोचला नाही. पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. बेसबॉलमधली ती वर्षं फुकट गेली असं मला वाटत नाही, पण ती संपली हे खरं.

पैशाचंही स्पष्ट बोलू. २०२३ मध्ये खालच्या लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, त्यात हाय-ए पातळीचा किमान पगार वर्षाला २७,३०० डॉलर ठरला, त्याआधी तो ११,००० होता. सगळ्यात वरच्या ट्रिपल-ए पातळीला ३५,८००. राहायची सोय क्लब करतो. आणि मोठ्या लीगचा किमान पगार २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होता. मोठ्या लीगमध्ये एक दिवस काढला तरी पुढच्या आयुष्यात खेळाडूंच्या आरोग्य विम्याचा हक्क मिळतो, ४३ दिवस भरले तर पेन्शनचा. रिलीव्हरसाठी हे दिवस महत्त्वाचे असतात, कारण वरच्या टीमचा बुलपेन थकला की खालून ताजा हात बोलावतात, दोन दिवस वापरतात, परत पाठवतात. एका हंगामात एका खेळाडूला जास्तीत जास्त पाच वेळा खाली पाठवता येतं, असा नियमच २०२२ पासून करावा लागला. यावरून या नोकरीचं स्वरूप ध्यानात येईल. यात माणसाने बॅग पूर्ण उघडायचीच नसते.

आता त्या पाच धावांबद्दल. कृपा करून रोज त्याचा ईआरए बघणं थांबवा. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर गेलेल्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून. सामना सुरू करणाऱ्याच्या शंभर-दीडशे इनिंग होतात, त्यात एक वाईट दिवस विरघळून जातो. रिलीव्हरचं तसं नाही. समजा त्याने अकरा सामन्यांत एकेक इनिंग टाकली आणि एकही धाव दिली नाही. ईआरए शून्य. बाराव्या सामन्यात एकच बॅटर आउट करून पाच धावा दिल्या. ईआरए एकदम ३.९७. फोनवरचा आकडा बघून तुम्हाला वाटणार मुलगा घसरला, प्रत्यक्षात तो बारापैकी अकरा दिवस चोख होता. उलटंही होतं. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले दोन धावक याच्या हातून घरी पोचले, तर त्या धावा आधीच्याच्या खात्यावर जातात. याचं काम फसलेलं असतं आणि आकडा स्वच्छ. बघायचंच असेल तर त्याला कधी बोलावतात ते बघा. सात धावांनी हरत असताना, की आठव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी असताना? मॅनेजर त्याच्याबद्दल काय विचार करतो ते त्यावरून कळतं. आणि बघा की तो किती जणांना स्ट्राइकआउट करतो आणि किती जणांना फुकट चालत पहिल्या बेसवर जाऊ देतो.

काही गोष्टी मात्र कुठल्याच आकड्यात येत नाहीत. बुलपेनमधला फोन वाजतो, तो उठतो, पंचवीस-तीस चेंडू पूर्ण जोराने टाकून हात गरम करतो. मैदानावर कुणीतरी आउट होतं, गरज संपते, फोन पुन्हा वाजतो: बस. अर्ध्या तासाने पुन्हा उठ. त्या दिवशी त्याचं नाव स्कोअरकार्डवर नसतं. तुम्ही एडिसनला बसून म्हणता, आज आराम होता. त्याचा खांदा रात्री झोपू देत नाही.

म्हणून एक प्रश्न तुम्ही जरूर विचारा, आणि तो करिअरचा नव्हे: हात कसा आहे? १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच मनगटाकडची कंडरा काढून बसवली. आज त्या शस्त्रक्रियेला त्या खेळाडूचंच नाव आहे. तो १९७६ मध्ये परत आला आणि पुढे १६४ सामने जिंकला, त्यामुळे आता सगळ्यांना वाटतं की कोपर म्हणजे बदलायचा सुटा भाग. परत यायला बारा ते अठरा महिने लागतात, आणि चौदाव्या फेरीतल्या मुलासाठी दीड वर्ष फार असतं. जागा जाईल या भीतीने रिलीव्हर दुखणं लपवतात. क्लबच्या डॉक्टरला न सांगितलेली गोष्ट मुलगा बापाला सांगू शकला तर फार मोठं काम होईल. पण त्यासाठी फोनवर पहिला प्रश्न ‘किती दिवस?’ असून चालणार नाही.

या ‘किती दिवस?’ बद्दल मला माझी एक चूक सांगायची आहे. मी सतरा वर्षं एका कॉलेजात विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम निवडायला मदत करायचे. खेळायला गेलेली आणि चार-सहा वर्षांनी डिग्री पुरी करायला परतलेली पुष्कळ मुलं माझ्या टेबलासमोर बसली आहेत. त्यातल्या एका डावखुऱ्या मुलाला, तो अजून खेळत असताना, मी मोठ्या मायेने सांगितलं होतं: सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत बघ, नाहीतर परत ये. तो परत आला, डिग्री घेतली, आता चांगलं चाललं आहे. पण जाताना म्हणाला, ‘शेवटच्या उन्हाळ्यात माउंडवर उभा राहिलो की मला बॅटर दिसायचा नाही, ती तारीख दिसायची.’ हे मी विसरू शकलेले नाही. त्यानंतर मी कुणालाही तारीख दिली नाही. तुम्हीही देऊ नका. हा निर्णय घ्यायचा तर वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, घरी जेवणाच्या टेबलावर, आणि त्यानेच घ्यायचा. हरलेल्या रात्री फोनवर तर कधीच नाही. खरं सांगायचं तर बहुतेकांना हा निर्णय स्वतः घ्यावाच लागत नाही. मार्चच्या अखेरीस सराव शिबिर संपताना क्लबच एक दिवस बोलावून घेतो आणि सांगतो. मग घाई कशाला?

वहिनींची काळजी मात्र मी बाजूला सारत नाही. एक वर्ष राहिलेली इंजिनीअरिंगची डिग्री ही आपल्या घरांत काय चीज असते ते मला माहीत आहे. पण तिच्यासाठी त्याने आज खेळ सोडायची गरज नाही. त्याचा करार काढा आणि त्यात कॉलेज शिक्षणाच्या खर्चाची तरतूद आहे का ते बघा. ड्राफ्ट झालेल्या अनेक मुलांच्या करारात ती असते, आणि खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करायची अट तिला जोडलेली असते. ती मुदत हुकली की पैसे गेले. ही एक तारीख घरातल्या सगळ्यांनी पाठ करावी. मुलाने स्वतः कॉलेजच्या अ‍ॅडव्हायझरला ईमेल करून विचारावं की कोणते विषय उरलेत, त्यातले ऑनलाइन कोणते होतात, परत प्रवेश कसा मिळतो. लॅबचे विषय हंगामात जमणार नाहीत: खेळ एप्रिल ते सप्टेंबर, आणि फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी उघडते. पण हिवाळ्यात एखादा विषय जमू शकतो. न जमला तरी दार कुठे आहे ते त्याला माहीत राहील, आणि वहिनींना झोप लागेल. ही ईमेल तुम्ही त्याच्या नावाने लिहू नका. मी अशा शेकडो ईमेल वाचल्या आहेत, पहिल्या ओळीत कळतं वडिलांनी लिहिली म्हणून.

राहिला त्याचा अबोला. डॅनियल बार्ड नावाचा बॉस्टनचा एक उत्तम रिलीव्हर होता. २०१२ मध्ये टीमने त्याला उलट्या दिशेने बदललं, रिलीव्हरचा स्टार्टर केला, आणि त्याला चेंडू जागेवर टाकताच येईना. हात ठणठणीत, पण चेंडू जागेवर जाईना. पाच वर्षं तो या क्लबमधून त्या क्लबमध्ये फिरला, २०१७ मध्ये खेळ सोडला, आणि अ‍ॅरिझोनाच्या टीममध्ये तरुण खेळाडूंशी त्यांच्या मनातल्या गोष्टी बोलायचं काम करू लागला. ते करता करता स्वतःचाच चेंडू परत सापडला. २०२० मध्ये पस्तिसाव्या वर्षी तो कोलोरॅडोकडून मोठ्या लीगमध्ये उतरला आणि त्या वर्षीचा पुनरागमनाचा पुरस्कार त्याला मिळाला. २०२३ मध्ये पुन्हा त्रास सुरू झाला तेव्हा, मला मानसिक ताण आहे, असं उघड सांगून तो काही दिवस बाजूला बसला. काम बदललं की इतक्या मोठ्या खेळाडूचंही आतून काय होतं ते यात दिसतं. तुमच्या मुलाचं काम महिन्याभरापूर्वी बदललंय. लहानपणापासून त्याला ठाऊक होतं की आपला दिवस कोणता. आधी जेवायचं काय, झोपायचं कधी, सगळं त्या दिवसाभोवती. आता रोजच तो दिवस असू शकतो, किंवा नसू शकतो. त्यात वडिलांनी विचारलं, पुढे काय? त्याला स्वतःलाच ठाऊक नसलेली गोष्ट तुम्ही विचारलीत.

‘तुम्हाला नाही कळणार’ यावर रागावू नका. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं, आणि कळून घ्यावंसं वाटलं म्हणूनच तुम्ही मला लिहिलंत. त्याला तेच लिहा, आजच, साध्या मराठीत: ‘मला रिलीव्हरचं काम नीट कळलं नव्हतं. लेकवुडला येशील तेव्हा समजावून सांग. हात कसा आहे?’ उत्तराला पुन्हा अंगठाच आला तर येऊ दे. दुसरा मेसेज चार दिवस थांबून करा.

आणि लेकवुडला सहाही दिवस जा. खालच्या लीगमध्ये हल्ली पाहुणी टीम मंगळवार ते रविवार एकाच गावी सहा सामने खेळते. तो स्टार्टर असता तर तुम्ही नेमका त्याचा वार विचारून तेवढंच तिकीट काढलं असतं. आता तसं करता येणार नाही. सहा सामन्यांत त्याला दोनदा बोलावतील, कदाचित एकदाच. एडिसनहून पार्कवेने तासाभराचा रस्ता आहे; ऑफिसातून थोडं लवकर निघालात तर पहिला चेंडू पडायच्या आत पोचाल. पाहुण्यांचा बुलपेन जिथून दिसतो तिथे बसा. वहिनींना तिखटमिठाच्या पुऱ्या करायला सांगा, सामना संपल्यावर त्याला द्यायला. फोन वाजला की तो उठेल, जॅकेट काढेल, चेंडू टाकायला लागेल. मग बहुतेक पुन्हा खाली बसेल. तुम्ही हाक मारू नका, हातही हलवू नका. तुम्ही आलायत हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल, आणि बुधवारी तो बुलपेनमध्ये येताना तुमच्या जागेकडे बघेल.